तालुक्याच्या गावात छोटं कलादालन काढलं तर खेड्यातले लोक येतील का?

तुम्ही विचारलंय की नगरपंचायतीची जुनी इमारत मिळतेय, तिथे दर ऋतूत एक प्रदर्शन लावायचं आणि मुलांसाठी, बायांसाठी कार्यशाळा घ्यायच्या, तर लोक येतील का आणि शुल्क किती ठेवावं. इथवर ठीक. पण खाली तुम्ही लिहिलंय, "मुळात खेड्यातल्या लोकांना कलेची आवड लावावी लागेल." हे वाचलं आणि तपासायचे पेपर बाजूला सारून लिहायला बसले.

आवड लावावी लागत नाही. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या धानाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात नाटकाच्या रात्री जाऊन बघा. पोरंबाळं घोंगड्यात गुंडाळून, तिकीट काढून, रात्री दहापासून उजाडेपर्यंत नाटक बघणारी ही माणसं आहेत. त्यासाठी लेकी-जावयांना निरोप जातात, घरी पाहुण्यांच्या पंगती उठतात. त्यांच्यासाठी दालन काढताय आणि त्यांना आवड नाही असं धरून चालताय, तर पहिलंच प्रदर्शन रिकामं जाईल आणि दोष पुन्हा त्यांनाच दिला जाईल.

माझे बाबा याच नाटकांचे पडदे रंगवायचे. पोळा झाला की कंपन्यांची माणसं घरी यायला लागायची, कारण सीझन सुरू व्हायच्या आत नवे पडदे हवे असत. धानाच्या गिरणीच्या शेडमध्ये जमिनीवर मांजरपाट अंथरलेला, शिंप्याकडून पट्टे जोडून घेतलेला. बाजूला चुलीवर सरस शिजतोय. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंगाला तडे जातात, कमी झाला तर रंग भुकटी होऊन नटांच्या कपड्यांना लागतो. ते प्रमाण बाबा बोटांना लागलेल्या चिकटपणावरून ठरवायचे. निळीत भिजवलेली सुतळी ताणून टणकन सोडली की सरळ रेष उमटायची. त्या रेषांवर राजवाड्याचे खांब उभे राहायचे. ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की चांगलाच फिका पडतो, म्हणजे जो रंग हवा तो आत्ता दिसणारच नाही, उद्या दिसेल, हे मनात धरून हात चालवायचा. क्षितिजाची रेष कुठे घ्यायची हाही हिशेब होता. ती चुकली की नट मागे सरकला रे सरकला की राजवाडा बाहुलीच्या घरासारखा दिसतो. हे मी पुढे चित्रकलेच्या पदविकेला शिकले आणि तिथे मला नवीन काही वाटलं नाही.

आता माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच कंपन्यांकडे फ्लेक्स आलेत. बाबा गेले. त्यांचा एक जंगल पडदा तेवढा आमच्याकडे उरला, बांबूवर गुंडाळून पाटणीवर ठेवलेला.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दालनाने हिवाळी प्रदर्शन ठरवलं आणि जिल्ह्यातल्या कलावंतांकडून कामं मागवली. मी माझी दोन जलरंगातली चित्रं आणि बाबांचा पडदा, दोन्हीची नावं दिली. निवड समितीतल्या एका सरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुमची चित्रं घेतो, छान आहेत. पडदा राहू द्या. ती कारागिरी झाली, सजावटीचं सामान झालं. दालनात लावलं तर लोक हसतील." जागेची अडचण सांगितली असती तर मी मुकाट्याने ऐकलं असतं, वीस फुटांचा पडदा सगळीकडे बसत नाही. पण त्यांना जागेची अडचण नव्हतीच. मी माझीही चित्रं परत घेतली.

त्याच दिवाळीत आमच्या गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आम्ही समाजमंदिरात तो पडदा टांगला. मी, माझ्या शाळेतली पोरं आणि गावातला एक सुतार. पडद्यासमोर सुताराचे लाकडी बैल मांडले, बाजूला पोरांची चित्रं दोरीला चिमटे लावून टांगली, बुरडाकडची सुपं आणि टोपल्या ठेवल्या. प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचं नाव, गाव. उद्घाटन नाही, फीत नाही. संध्याकाळी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, उभी व्हायच्या आधी जी माणसं आत शिरायला लागली ती थांबेचनात. दंडारीत आयुष्य काढलेले एक म्हातारे पडद्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा आपल्या पेंटरचा जंगल होय जी! ह्या मोहाखाली मी किती डाव मेलो!" मग त्यांनी तिथेच मरून दाखवलं, संवादासकट.

एका बाईंचं बोलणं मात्र मला त्याहून मोलाचं वाटतं. डोक्यावरचा पदर सावरत त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, खालून वर पाहत राहिल्या आणि मला विचारलं, "मोहाले फुलं बी आहेत अना पानं बी भरून आहेत. असं रायते का जी?" राहत नाही. मोह फुलतो तेव्हा झाड जवळजवळ उघडं झालेलं असतं. दरवर्षी चैत्रात पहाटे उठून मोहफुलं वेचणाऱ्या बाईला ते दिसलं. बाबांनी ते जाणूनबुजून केलं होतं, कारण लांबून, दिव्यांच्या झोतात उघडं झाड रंगमंचावर भकास दिसतं. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, मागे दाराशी जाऊन पुन्हा पाहिलं आणि "हव, बराबर आहे" म्हणाल्या. चित्राची याहून चांगली समीक्षा मी कुठल्या प्रदर्शनात ऐकलेली नाही. त्या निवड समितीने तर पडदा उलगडूनसुद्धा पाहिला नव्हता.

पुढे एका कार्यक्रमात तेच सर भेटले. मंडईतलं प्रदर्शन त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "ती गर्दी मंडईची होती हो बाई, चित्रांची नव्हे." तेव्हा भोवती माणसं होती म्हणून मी उत्तर दिलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे म्हणून इथे देते. गर्दी मंडईचीच होती. प्रदर्शन मंडईच्या दिवशी लावायचं ते त्यासाठीच. आपल्याकडे माणसं जमायच्या वेळा आधीच ठरलेल्या आहेत, दालनाने त्या वेळांना जाऊन उभं राहायचं. शहरातल्या दालनाचं वेळापत्रक, रविवारी सकाळी अकरा वाजता उद्घाटन आणि सायंकाळी सहाला बंद, इथे आणलंत तर येणारे पाचच जण असतील आणि पाचही जण भाषण करणारे असतील.

म्हणून ऋतू धरायचे ते आमच्या शेतीचे धरा. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की महिना दीड महिना दालनाला कुलूप लावा. बाया चिखलात वाकलेल्या असताना त्यांच्यासाठी कार्यशाळा ठेवणं हा त्यांचा अपमान आहे. तसंही आमच्याकडे वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुन्या इमारतीच्या भिंती ओल धरतात आणि कागदावरच्या चित्रांना बुरशी लागते. पावसाळ्यात लावायचंच असेल तर लाकूड, माती, बांबू लावा आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा.

पोळ्याच्या सुमारास हात जरा मोकळे होतात. तान्ह्या पोळ्याइतका, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याइतका, सोपा मुहूर्त तुम्हाला वर्षभर सापडणार नाही. घरोघरी आजोबांच्या वेळचे लाकडी बैल आहेत, काहींची चाकं गेलीत, काहींची शिंगं. ते आठवडाभरासाठी मागून आणा आणि कोणाच्या घरचा, कोणत्या सुताराने केलेला, हे चिठ्ठीवर लिहा. जुन्या सुतारांचे हात लोक ओळखतात, ते ऐकायलाच माणसं थांबतील. पोरांची कार्यशाळा बैल रंगवण्याची, सजवण्याची घ्या. बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायला निघायचं असतं, त्यामुळे पोरं स्वतःहून येतील, बोलवावं लागणार नाही.

दिवाळीनंतर मंडया आणि नाटकं. हा तुमचा मोठा हंगाम. पण याच दिवसांत धान कापणी आणि चुरणाही (मळणी) असतो, म्हणून सगळं सांजच्यानंतर, रात्री. दालन रात्री अकरापर्यंत उघडं ठेवायची तयारी नसेल तर मंडईच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात मोहफुलं आणि मग तेंदूपत्ता, म्हणजे पहाटेपासून माणसं जंगलात. दुपारी पारा ४५ च्या पुढे. शाळांना सुट्ट्या आहेत म्हणून मे महिन्यात दुपारची शिबिरं ठेवू नका, पत्र्याखाली तर नकोच.

कार्यशाळांबद्दल माझं मत कडक आहे. वारली नको. वारलीबद्दल मला आदर आहे, जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी वर्गात त्यांची चित्रं दाखवली होती. पण ती पालघर-डहाणूकडच्या घरांची चित्रं आहेत, आणि इथे प्रत्येक शिबिरात पोरांना तेच त्रिकोण काढायला लावतात, कारण बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाला दुसरं काही ठाऊक नसतं. तुमच्या दहा मैलांत बांबू विणणारा बुरड असेल, कुंभार असेल. आंधळगाव, आरमोरीकडे कोसा रेशीम विणणारे हात आहेत. भद्रावतीच्या ग्रामोदय संघात मातीकाम पाहायला एक सहल काढता येते. वर्ध्याचं मगन संग्रहालय एकदा स्वतः बघून या. गांधीजींनी १९३८ मध्ये त्याचं उद्घाटन केलं ते गावातल्या हातांनी केलेल्या वस्तू आणि त्यांची अवजारं मांडण्यासाठी. खेड्यातलं काम दालनात मांडायचं ही काही माझी नवी टूम नाही.

आम्ही त्या मंडईनंतर पोरांकडून एक अख्खा पडदा करून घेतला. मांजरपाट, खडूची भुकटी, सरस, सगळं तसंच. एका पोराने धुऱ्यावरचा पळस घेतला, एकीने तिच्या घरामागची बोडी, म्हणजे छोटं तळं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तो लागला, मग शेजारच्या गावच्या दंडारीने मागून नेला. कागदावरचं चित्र पोरं घरी नेतात आणि ते ट्रंकेत जातं. हा पडदा गावोगाव फिरला आणि आपण काढलेलं झाड कुठे आहे हे पोरं दुसऱ्यांना बोट दाखवून सांगत होती. पालकांना मार्कांचीच काळजी असेल तर तीही भागवा: एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या आधी सराववर्ग ठेवा. इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीत ७ गुण मिळतात, त्या सात गुणांसाठी पोरगं पाठवणारे पालक दाराशी थांबून प्रदर्शनही बघतात.

शुल्काचं विचारलंत. प्रदर्शन फुकट, कायमचं. कार्यशाळेला साहित्याच्या खर्चापुरतं घ्या आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पण शिकवणाऱ्याला पैसे द्याच. नागपूरहून येणाऱ्या चित्रकाराला जे मानधन, तेच बुरडाला, तेच सुताराला. त्याची दिवसाची मजुरी बुडते आणि आपण त्याला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतो, हे मी फार वेळा पाहिलंय. कारागीर आणि कलावंत हा फरक शेवटी याच ठिकाणी कामाला येतो, पैसे देताना.

आणि तो फरक करणाऱ्यांनी थोडा इतिहासही बघावा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, तिथूनच ते सिनेमाकडे गेले. चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. आमच्या झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आम्हाला सगळ्यांनाच आनंद झाला. अशा नटांच्या मागे रात्रभर उभे राहणारे राजवाडे आणि जंगलं ज्यांनी रंगवली त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. तुमच्याकडे भिंती आहेत. त्या भिंतींवर ती नावं लिहा, मग बाकीचं शिका.

हे सगळं धानपट्ट्याचं आहे, हे सांगायचं राहिलं. तुम्ही यवतमाळ, अकोल्याकडचे असाल तर कापूस वेचणी आमच्या मंडयांच्या दिवसांतच सुरू असते, त्यामुळे तुमचं वेळापत्रक वेगळं बसेल. भुलाबाईपासून, म्हणजे मुलींच्या त्या मातीच्या मूर्तींच्या सणापासून, कोजागिरीपर्यंतचे दिवस तुमच्याकडे मातीकामाला चांगले. आणखी एक: जुन्या इमारतीची वायरिंग आधी तपासून घ्या, नगरपंचायतीकडून वापराचा करार कागदावर घ्या. पुढे अध्यक्ष बदलला की चाव्या परत मागतात. चित्रं शहरात लावतात त्यापेक्षा थोडी खाली लावा, म्हणजे पोरांनाही दिसतील.

इमारतीच्या छताची उंची मोजून इथेच खाली लिहा. बारा फुटांच्या वर असेल आणि एक भिंत वीस फुटांची मोकळी असेल, तर तुमच्या पहिल्या प्रदर्शनाला बाबांचा पडदा मी स्वतः घेऊन येते, टांगूनही देते. भाडं नको. नाव इतरांइतक्याच मोठ्या अक्षरात हवं, आणि पडदा 'लोककला' असा वेगळा कोपरा करून त्यात नाही, समोरच्या भिंतीवर लागला पाहिजे.