कापडी कव्हर घालूनही आइस स्केटच्या ब्लेडला गंज का चढतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही साताऱ्यात राहता, मुलगी आधी रोलर स्केटिंग करायची, आता आइस स्केटिंगकडे वळली आहे. हिवाळ्यात लेहच्या शिबिराला गेली तेव्हा ब्लेडं चकचकीत परत आली. जुलैत गुरुग्रामच्या रिंकवर सराव करून आली, ब्लेडांना कापडी कव्हर घालून बॅग कपाटावर ठेवली, आणि काही दिवसांनी उघडून बघता तर कव्हराच्या आत तांबूस ठिपके. एक प्रशिक्षक म्हणतात कापडी कव्हर कायम घाला, दुसरे म्हणतात घालूच नका. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही निम्मं निम्मं ऐका. रिंकवरून घरी येईपर्यंत कापडी कव्हर हवंच, आणि घरी आल्या आल्या ते काढायलाच हवं. त्याचं काम पाणी टिपायचं. अंघोळ झाली की आपण टॉवेल गुंडाळतो, पण तोच ओला टॉवेल गुंडाळून कोणी आठवडाभर बसून राहत नाही. तुमच्या ब्लेडांच्या नशिबी नेमकं तेच आलं.

मी सांगलीचा. कुपवाड एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगचं, म्हणजे धातूचे भाग फिरत्या चाकावर घासून सपाट करायचं जॉबवर्क करतो. बर्फावर आयुष्यात पाय ठेवलेला नाही आणि आता या वयात ठेवणारही नाही. पण भाची स्केटिंग करते, तिच्या ब्लेडांची देखभाल मामाच्या गळ्यात पडलेली आहे, आणि ताज्या ग्राइंड केलेल्या उघड्या स्टीलला गंज कसा धरतो हे तर आमचं रोजचं दुखणं.

आधी ब्लेड नीट बघा. फिगर स्केटिंगची बरीचशी ब्लेडं कार्बन स्टीलची असतात आणि त्यांच्या बाजूंवर क्रोम प्लेटिंग असतं. ती चमक बघून आपल्याला वाटतं की हे स्टेनलेस आहे. पण बर्फाला टेकणारी खालची पट्टी धार लावताना दर वेळी घासली जाते, त्यामुळे तिथे प्लेटिंग उरतच नाही. म्हणजे ज्या जागेवर सगळा खेळ, तीच जागा उघडी. शिवाय ती पट्टी सपाट नसते. मधोमध लांबच लांब खोबण असते, साधारण अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची, आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. पाणी त्या खोबणीत बसून राहतं, बाहेरून पुसलं तरी. आता पूर्ण स्टेनलेसची ब्लेडंही मिळतात. ती गंजाला बरीच दाद देत नाहीत, पण धार टिकावी म्हणून त्या स्टीलमध्येही कार्बन घातलेला असतो, त्यामुळे ओलं ठेवलं तर ठिपके त्यांनाही पडतात. भाचीच्या आधीच्या जोडीवर ‘स्टेनलेस’ असं कोरलेलं होतं, म्हणून घरात सगळे निवांत होते. मी नव्हतो.

आता लेह आणि गुरुग्राममधला फरक. तुमच्या प्रश्नातली खरी गंमत इथे आहे.

रिंकच्या बर्फाचा पृष्ठभाग उणे तीन ते उणे सहा अंशांच्या आसपास ठेवतात. त्यावर तासभर फिरलेलं ब्लेड बाहेर येतं तेव्हा चांगलंच गार असतं. गुरुग्रामच्या जुलैतल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास जातो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं बाष्प पाणी होऊन बसणार. एसी असलेल्या इमारतीत प्रमाण कमी, पण ब्लेड तिथेही हवेपेक्षा कितीतरी गार असतं. म्हणजे ब्लेडावर दोन वेळा पाणी येतं. एकदा बर्फाचा चुरा वितळून, आणि दुसऱ्यांदा थेट हवेतून. पहिलं पाणी सगळे पुसतात. दुसरं कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ते पुसून झाल्यावर, चपला घालून, बॅग भरून, गाडीत बसल्यावर येतं. म्हणून पुसायचं दोन वेळा: बर्फावरून उतरल्यावर लगेच एकदा, आणि बूट काढून ब्लेड खोलीच्या तापमानाला आलं की पुन्हा एकदा. दुसऱ्या पुसण्याला दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, आणि मुलं थांबत नाहीत. तेवढ्या वेळासाठीच कापडी कव्हर हवं. तुम्ही बघत नसताना जमलेलं दव ते शोषून घेतं, आणि बॅगेत धार दुसऱ्या कशावर घासण्यापासूनही वाचते.

लेह 3,500 मीटर उंचीवर, पाऊस वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर. तिथली हवा इतकी कोरडी की ओलं कव्हर बॅगेत राहिलं तरी लवकर सुकतं. तिथे कव्हर काढलं काय, न काढलं काय, ब्लेड वाचतं. तुम्हाला लेहमध्ये जी सवय लागली ती तिथे बरोबरच होती. साताऱ्याच्या पावसाळ्यात तिचं काही चालत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा हिशेब सांगतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या स्टीलवर गंजाचा वेग वाढायला लागतो. आर्द्रता मोजायचं यंत्र घरात नसतं, पण मिठाची बरणी असते. मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं ते साधारण 75 टक्क्यांच्या वर. तेव्हा ज्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरातलं मीठ ओलं वाटेल, त्या दिवशी ब्लेड उघडं आणि बिनतेलाचं ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर 24 अंश आणि 85 टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू 21 च्या वर. त्या हवेत ओलं टर्किश कापड सुकत नाही, कुबट वास मारतं. आणि अशा कापडात तुम्ही स्टील गुंडाळून ठेवलंत. कव्हर वाईट नव्हतं, त्याला पाणी सोडून द्यायला वावच मिळाला नाही.

प्लॅस्टिकच्या कडक गार्डबद्दल फार लिहीत नाही. ते बर्फ सोडून बाहेर चालण्यापुरते. सिमेंटवर किंवा फरशीवर दोन पावलं उघड्या ब्लेडाने टाकली तर कड गेलीच म्हणून समजा, त्यामुळे चालताना ते पाहिजेतच. पण बॅगेत ठेवताना कधीही नाहीत. गार्डच्या खाचेत पाणी अडकतं, हवा लागत नाही, आणि अशा बंद फटीत गंज उघड्यापेक्षा लवकर खोल जातो. आठवड्यातून एकदा गार्ड पाण्याखाली धरून आतली माती काढा. आत एक खडा जरी राहिला तरी प्रत्येक पावलाला तो धारेवरच घासतो.

आता कव्हर. बाजारात जी मिळतात ती बाहेरून गुलगुलीत, कधी प्राण्यांच्या तोंडांची, मुलांना आवडतात. विकत घेताना बाहेरचं सोंग बघू नका, आत बोट घालून बघा. आतलं कापड सुती टर्किश किंवा चांगलं मायक्रोफायबर हवं. काहींना आतून नुसतंच गुळगुळीत पॉलिस्टरचं अस्तर असतं, ते पाणी टिपत नाही, नुसतं पसरवतं. बाहेरून रेक्झिन किंवा रेनकोटचं कापड असेल तर ते अजिबात नको, कारण टिपलेलं पाणी बाहेर जाणार कुठून?

खरं सांगायचं तर आपल्या भागात हे विकत घ्यायची गरज नाही. टर्किश टॉवेल म्हणजे सोलापूरची ओळख, भौगोलिक मानांकन मिळालेला माल, आणि साताऱ्यात कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळतो. एका जाड सोलापुरी टॉवेलात दोन जोड्या आरामात होतात. शिवायच्या आधी टॉवेल दोन-तीन वेळा धुवा, नव्या कापडावरची कांजी निघाल्याशिवाय ते पाणी धरत नाही. शिंप्यापेक्षा शाळेच्या बॅगा शिवणाऱ्याकडे द्या, त्याचं मशीन जाड कापड घेतं. त्याला एवढंच बजावा की शिलाई खालच्या बाजूला नको. खाली कापडाची घडी यायला हवी आणि शिलाया पुढच्या-मागच्या टोकाला. धार जिथे टेकते तिथे दोरा असला तर महिन्याभरात तुटतो. घडीच्या आत टॉवेलचीच आणखी एक पट्टी दुहेरी करून घाला. वर इलॅस्टिक, बुटाच्या तळाला धरून बसेल इतपत. लांबी बुटाच्या तळव्यावरून मोजू नका, ब्लेड मागे तळव्याच्या बाहेर येतं आणि पुढे दातेही असतात, तेव्हा ब्लेडच मोजा आणि वर बोटभर सोडा. दात्यांच्या जागी कापड आधी फाटतं, तिथे ठिगळ सुरुवातीलाच लावून घ्या. भाचीने पहिल्यांदा बघून नाक मुरडलं होतं, “मामा, हे तर पायपुसणं दिसतंय.” मग तिने स्वतःच त्याला डोळे आणि कान शिवले. आता तेच हवं असतं.

दोन जोड्या करायला सांगतो ते उगाच नाही. एक ब्लेडावर, एक दोरीवर. शिबिरात रोज दोन सत्रं असतील तर सकाळचं कव्हर संध्याकाळी घालायचं नाही. धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. ब्लीच तर नकोच, त्यातला क्लोरीन कापडात उरला तर स्टीलचं नुकसान गंजापेक्षा लवकर होतं.

आणि हात. आमच्या शॉपमध्ये काही कामगारांबद्दल म्हणतात की याचा हात लागला की जॉब, म्हणजे कामाला आलेला धातूचा तुकडा, गंजतो. थट्टा वाटते, पण खरं आहे. काहींच्या घामात क्षार जास्त असतो, त्यांच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी स्टीलवर तांबडे उमटलेले दिसतात. तुमच्या ब्लेडावरचे ठिपके बोटांच्या अंतरावर, एका ओळीत असतील तर तो गुन्हा कव्हराचा नसून धार तपासायला बोट फिरवणाऱ्याचा आहे. पुसताना कापडाने धरा, शेवटचा हात कोरड्या कापडाचाच लागू द्या.

साताऱ्यातल्या मुलीला बर्फ महिनोन्महिने मिळत नाही. जवळपास रिंक नाही, सिमल्याचा 1920 पासूनचा जुना रिंक नैसर्गिक बर्फावर चालतो, तोही फक्त हिवाळ्यात. म्हणजे तुमची ब्लेडं वर्षातला बराच काळ नुसती पडून असणार, आणि खरी काळजी त्या काळाची घ्यायची. दीर्घकाळ ठेवताना शिलाई मशीनचं तेल घ्या. दोन-तीन थेंब कापडावर, आणि ब्लेडाच्या खालच्या पट्टीवर, खोबणीत, स्क्रूंच्या डोक्यांवर हलका हात. बुटाच्या चामड्याला लागू देऊ नका. खोबरेल वापरू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. डब्ल्यूडी-40 नावाचा स्प्रे मिळतो, तो पाणी हटवायला चांगला, त्याचं काम तेच, पण त्याचा थर पातळ असतो, तीन महिन्यांच्या भरवशाचा नाही. आता इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात: तेल लावलेल्या ब्लेडावर सुती कव्हर घालू नका. जे कापड पाणी पितं ते तेलही पितं. आठवड्यात ब्लेड कोरडं, कव्हर तेलकट, आणि पुढच्या वेळी तेच तेलकट कव्हर पाणी टिपणार नाही. घालायचंच असेल तर एक जुनी जोडी त्याच कामाला ठेवा, तिला थोडं तेल पाजून, आणि ती रिंकवर नेऊ नका. नाहीतर नुसतं कागदात गुंडाळा. आमच्याकडे गंजरोधक कागद असतो, इंजिनिअरिंगचा माल पाठवणाऱ्या कोणाकडूनही दोन तुकडे मागून घ्या, नाही म्हणणार नाहीत.

जागा म्हणाल तर माळा नको, न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, बंद रेक्झिनची बॅग तर नकोच. पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलं तर उत्तम. त्या पुड्याही फुकटच येतात बुटांच्या खोक्यात, पण वर्षानुवर्षे त्याच वापरल्या तर काही उपयोग नाही, त्या ओल धरून भरून जातात. बर्फावर जायच्या आदल्या रात्री तेल पुसून काढायचं, एवढं लक्षात ठेवा.

राहता राहिले सध्याचे ठिपके. नख फिरवून बघा. नख अडत नसेल, नुसता रंग असेल, तर मशीनचं तेल लावून स्वयंपाकघरातल्या मऊ नायलॉनच्या घासणीने, लांबीच्या दिशेने, फक्त बाजूंवर घासा. कडांना हात लावू नका. पॉलिश पेपर, कानस, चिंच, लिंबू यातलं काहीही नको. चिंच-लिंबाने गंज निघतो हे खरं, पण आम्ल खोबणीत राहिलं तर उद्या दुप्पट गंज येईल. खोबणीतला हलका गंज पुढच्या वेळी धार लावताना आपोआप जाईल. नख अडलं, काळा खड्डा लागला, आणि तो नेमका कडेवर असला, तर ब्लेड धार लावणाऱ्याकडे जायला हवं. इथे सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे किंवा माझ्यासारख्या ग्राइंडिंगवाल्याकडे देऊ नका. सपाट चाकावर ती खोबण एका फेरीत नाहीशी होते आणि दोन्ही कडा एका उंचीच्या राहत नाहीत. ठरावीक त्रिज्येला घडवलेलं चाक असलेलं मशीन लागतं, ते रिंकवर किंवा तिथल्या प्रशिक्षकांच्या ओळखीने मिळेल. खड्डा जितका खोल, तितकं स्टील घासून काढावं लागतं, आणि ब्लेडात घासण्याजोगं स्टील मोजकंच असतं. म्हणून पुढची फेरी होईपर्यंत थांबू नका. उजेडात, खालून, खोबण दिसेल असा फोटो टाका, नखाची परीक्षा काय म्हणते तेही लिहा, म्हणजे धारेला पाठवायचं की घासणीवर भागेल ते सांगतो.