कुलगुरूची पाच वर्षं

सप्रेम आशीर्वाद.

एखादं छोटं सरकारी तंत्रविद्यापीठ चालवायची इच्छा आहे, असं तू मोकळेपणाने लिहिलंस, ते फार आवडलं. पण त्या खुर्चीचं गणित आत्ताच नीट समजून घे.

आपल्याकडे कुलगुरूची मुदत पाच वर्षांची. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी 'स्वयम्' उपग्रहाचं काम 2008 च्या सुमारास हाती घेतलं आणि तो अवकाशात गेला 22 जून 2016 ला. वजन जेमतेम एक किलो. बी.टेक. चार वर्षांचं, म्हणजे ज्यांनी काम सुरू केलं ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. सीओईपी तेव्हा स्वायत्त महाविद्यालय होतं, विद्यापीठ झालं 2022 मध्ये. तंत्रविद्यापीठातलं बहुतेक चांगलं काम असंच असतं, एका माणसाच्या मुदतीत न मावणारं. ज्याचा सत्कार तुझ्या नंतरच्या कुलगुरूचा होईल, अशा कामांच्या फायलींवर तुला पहिल्या वर्षापासून सह्या करायच्या आहेत.

त्यातली सगळ्यात रटाळ फाईल पदभरतीची. बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची यादी, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, मग वित्त विभागाची मान्यता, मग जाहिरात. कुठेही एक कागद कमी पडला की फाईल परत येते. म्हणून लोक कंटाळून तासिका तत्त्वावर माणसं घेतात आणि वेळ मारून नेतात. तू तसं करू नकोस. प्राध्यापकांइतकाच जीव प्रयोगशाळा सहायक आणि कार्यशाळा निदेशकांच्या पदांसाठी टाक. लेथवर मुलाचा हात कुठे असावा हे त्याला निदेशक दाखवतो. तो निवृत्त झाला आणि पद रिकामं राहिलं की मशीनवर कापड चढतं, आणि प्रात्यक्षिकं फक्त जर्नलच्या वहीत होतात. कोट्यवधींची नवी उपकरणं घेण्याआधी ती चालवणारा माणूस कोण, एवढं विचारायला विसरू नकोस.

लहान असण्याची लाज बाळगू नकोस. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा तेव्हाचा रसायन तंत्रज्ञान विभाग आणि आजची आयसीटी ही संस्था, 1933 पासून प्रामुख्याने रसायन तंत्रज्ञानालाच धरून राहिलं. रसायन उद्योजक केकी घरडा आणि डॉ. रेड्डीज् ही औषध कंपनी उभी करणारे अंजी रेड्डी तिथेच शिकले. प्रा. म. मो. शर्मा तिथे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले आणि पुढे ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे फेलो. कारखान्यांच्या अडचणी तिथल्या प्रयोगशाळेत येत, अध्यापकांना सल्लागारीची मोकळीक असे. तुझ्याकडेही कोणी नवनव्या शाखांचे प्रस्ताव घेऊन येईल. आहेत त्या शाखांमधल्या जागा भरल्याशिवाय एकही मंजूर करू नकोस, मग शिफारस कुणाचीही असो.

विद्यापीठांच्या क्रमवारीबद्दल विचारलंस. माहिती खरी भर, तेवढं पुरे.

आता एक काम कर. सध्या आहेस त्याच विभागातल्या रिक्त पदांची यादी काढ. कुठलं पद कधीपासून रिकामं आहे, प्रस्ताव कुठल्या टेबलावर अडलाय, सगळं लिहून पाठव. त्यावर बसून बोलू.

तुझा,
सर