डायलिसिसच्या पेशंटला साथीच्या काळात घरीच ठेवावं का?

तुम्ही विचारलंय, वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर त्यांना सेंटरला न्यायचं की थोडे दिवस घरीच सांभाळायचं?

न्यायचंच. मी स्वतः डायलिसिसवर आहे आणि कोरोनाचा सगळा काळ नागपुरातच काढला. २५ मार्च २०२०ला देश बंद झाला, पुढे शहरातले सतरंजीपुरा, मोमिनपुरा हे भाग सील झाले, तरी आमची डायलिसिसची पाळी चुकली नाही. नाक्यावर पोलिसांना फाइल दाखवायची, येताना हाताची पट्टी दाखवायची, सोडायचे बिचारे.

भीतीपोटी घरी बसलेल्यांचं काय व्हायचं, ते सांगतो. किडनी काम करत नाही म्हणून लघवी होत नाही, त्यात नागपूरचा मे महिना, पारा ४५ला, घसा सारखा कोरडा. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, छातीत उतरतं, दम लागतो. त्या दिवसांत दम लागला म्हणजे आधी कोरोनाचा संशय. एक्स-रेत पाण्यानेही फुप्फुस पांढुरकं दिसतं. मग रिपोर्ट येईपर्यंत नेहमीचं सेंटर आत घेईना. ज्याला चार तास मशीनवर हवे होते, तो स्वॅबच्या रांगेत उभा! म्हणून वजन रोज सकाळी बघा. दोन पाळ्यांमध्ये ते किती वाढलं, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात.

दुसरा त्रास नातेवाइकांच्या प्रेमाचा. ‘इम्युनिटी’साठी संत्र्याचा रस, नारळपाणी, काढे. संत्र्यांच्या गावात राहून संत्र्याला नाही म्हणायचं म्हणजे पाहुणे रुसतात, रुसू द्या बाप्पा. संत्र्यात, नारळपाण्यात पोटॅशियम असतं, ते अंगात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. काढाही दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्यातच मोजायचा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या मनाने सुरू करू नका, डायलिसिसवाल्यांच्या अंगात त्याने ऑक्झॅलेट नावाचा क्षार साचतो.

ताप आला तर लपवू नका. निघण्याआधी सेंटरला फोन करा, म्हणजे ते वेगळी मशीन किंवा शेवटची शिफ्ट देऊ शकतात. मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर ताप त्याच्या इन्फेक्शनचाही असतो, साथीच्या नादात ते राहून जातं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

लस आली की पहिल्या दिवसांतच घ्या. १ मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना ती सुरू झाली, तेव्हा यादीत डायलिसिसवाले होतेच. फक्त डॉक्टरच्या सहीचं सर्टिफिकेट लागायचं. डायलिसिससाठी ज्या हातात ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात (फिश्चुला), त्या हातात सुई घेऊ नये, दुसऱ्या हातात घ्यावी.

वडिलांना फिश्चुला आहे की कॅथेटर, आणि लघवी किती होते, ते लिहा. पाण्याचा हिशोब त्यावरच ठरतो.