पूलचं पाणी निळंशार, क्लोरीनही बरोबर, तरी दोन वर्षांत हीटरची कॉइल कशी गेली?

तुम्ही लिहिलंय की रोज क्लोरीन तपासता, पीएचही ठीक येतो, तरी हीटरची तांब्याची कॉइल गळायला लागली आणि कंपनीचा माणूस ‘पाणी खराब’ म्हणून वॉरंटी नाकारतोय. त्याला शिव्या घालण्याआधी एक सांगा, क्लोरीनच्या वड्या कुठे ठेवता?

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत त्या स्किमरच्या (पूलच्या कडेला वरचं पाणी, पालापाचोळा ओढून पंपाकडे नेणारं तोंड) जाळीत टाकायचे. रात्री पंप बंद, वडी तिथेच विरघळत बसायची. ट्रायक्लोरच्या (वड्यांमधलं क्लोरीनचं रसायन) त्या द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास, म्हणजे ताकापेक्षा कितीतरी आंबट. सकाळी पंप चालू केला की ते पाणी फिल्टरमधून थेट हीटरमध्ये. पूलमध्ये उतरेपर्यंत पार पातळ झालेलं, त्यामुळे टेस्ट किटमध्ये सगळं छान! कॉइल कापून पाहिली तर वळणावर पत्रा कागदाएवढा उरला होता आणि सुईच्या टोकाएवढं भोक. त्याआधी सहा महिने पायऱ्यांच्या पांढऱ्या टाइल्सवर हिरवट-निळे ओघळ दिसत होते. शेवाळ समजून घासत बसलो. ते आमचंच तांबं होतं. (मोरचूद, म्हणजे तेही तांब्याचंच, टाकत असाल तर तसे डाग त्यानेही पडतात, ते आधी बघा.)

तेव्हा वड्या तरंगत्या डब्यात ठेवा, नाहीतर पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतरच्या पाइपवर फीडर (वडी हळूहळू विरघळवणारा डबा) बसवून घ्या.

दुसरं म्हणजे अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवायची पाण्याची ताकद. आमच्याकडे ती कोणी मोजतच नव्हतं. ती ८० ते १२० पीपीएम (लिटरला तितके मिलिग्रॅम) हवी, तरच पीएच ७.२ ते ७.८ मध्ये टिकतो. पावसाळ्यात ती घसरते, आणि गढूळ पाण्यात तुरटी टाकली की आणखी. लाख लिटरला ५ किलो तुरटी म्हणजे साधारण २५ पीपीएम गेली. भरून काढायला खायचा सोडा घाला, लाख लिटरला १० पीपीएम वाढवायला सुमारे १.७ किलो. पंप चालू ठेवून थोडा थोडा पसरायचा. वॉशिंग सोडा नको, त्याने पीएच एकदम उसळतो.

कॅल्शियमची कठिणता २०० ते ४०० पीपीएम ठेवा. धरणाचं पाणी मवाळ, ते टाइल्सच्या सांध्यांतल्या ग्राउटमधला चुना ओढून घेतं. बोरचं जड पाणी मात्र उलटं, पीएच वर गेला की कॉइलच्या आत पांढरा थर धरतं. तुमच्याकडे जकुझी असेल तर तिथे हे लवकर होतं, कारण पाणी गरम आणि जेट्समुळे कार्बन डायऑक्साइड उडून पीएच आपोआप चढतो.

तुमचा ‘ठीक’ पीएचही परत तपासा. क्लोरीन १०-१५ पीपीएमच्या वर असताना पीएचच्या लाल थेंबांचा रंग जांभळट होतो आणि आकडा खोटा येतो. क्लोरीन १ ते ३ वर उतरू द्या, मग मोजा.

आणि एक, पूलवाला ब्लीचिंग पावडरही वापरत असेल तर ती आणि ट्रायक्लोर एका बादलीत किंवा एकाच फीडरमध्ये कधीही नको. पेट घेतं, स्फोटही होतो. दोन्हींचे मापाचे मगसुद्धा वेगळे ठेवायला सांगा.