पुंगळीचं पितळ: नाव बघावं की माप?

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. मी डॅलसला असतो. दोन वर्षांपासून ६०० यार्डांच्या एफ-क्लास (रायफल टेकूवर ठेवून, दुर्बिणीतून लांबचा नेम) स्पर्धांत उतरतो, रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो. लापुआ कंपनीच्या शंभर पुंगळ्यांचा डबा हॉर्नडी कंपनीच्या मानानं बराच महाग पडतो. क्लबातले जुने लोक म्हणतात, पैसे वसूल होतात. तुम्ही जावयांच्या पुंगळ्या मोजता हे या सदरात वाचलं होतं, म्हणून मीही काटा घेऊन बसलो. वजनावरून गट पाडले, प्रत्येक गटातल्या पाच-पाच झाडून पाहिल्या, निशाण्यावर फरक काही दिसेना. मग मोजायचं तरी काय? आणि पुंगळ्या चमकवायला अमोनियाचं पॉलिश चालतं का?
— एक वाचक, डॅलस, टेक्सस

उत्तर : आधीच सांगते, मी जन्मात रायफल झाडलेली नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली आणि आता लेकीकडे कोलंबसला असते. आमचे जावईबापू दर उन्हाळ्यात कॅम्प पेरीला जातात. एरी सरोवराच्या काठी १९०७ पासून तिथं राष्ट्रीय स्पर्धा भरतात. हिवाळाभर त्यांचं तळघरात पुंगळ्या भरणं चालतं. इथल्या पहिल्या बर्फात मला करमेना, म्हणून पेटीतला मायक्रोमीटर काढला. तो अजून पेटीत परत गेलेला नाही.

तुमचं वजन चुकलं नाही, पण ते भलत्याच जागेचं होतं. पुंगळीचं बूड जाड आणि भरीव. झाडलेली पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्यासाठी त्याच्या बाहेरून खाच कापलेली असते. ती खाच थोडी उथळ राहिली की वजन वाढतं, पण आतली जागा तेवढीच राहते. रायफलीला फरक पडतो तो आतल्या जागेचा. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. म्हणजे सगळा फरक आतल्या भिंतीत आहे असं धरलं, तरी साडेआठ ग्रेन (वजनाचं जुनं बारीक माप) पितळामागे एक ग्रेन पाण्याइतकीच जागा कमी होते. एका डब्यातला दोन-तीन ग्रेनचा फरक त्या हिशोबात कुठल्या कुठे विरून जातो.

वेगवेगळ्या कारखान्यांचा माल एकत्र आला की गोष्ट वेगळी. आपल्या सोनाराचा जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. मिसूरीच्या लेक सिटी कारखान्याची लष्करी ७.६२ ची पुंगळी तोळ्याच्या आसपास भरते, आणि विंचेस्टरची .३०८ तिच्याहून वीसएक ग्रेन हलकी. बाहेरून दोघी जुळ्या दिसतात, आत मात्र दोन ग्रेनहून जास्त पाण्याची तफावत. म्हणून एका पुंगळीत बसलेलं दारूचं माप दुसऱ्या कंपनीच्या पुंगळीत तसंच ओतू नका. जागा कमी म्हणजे दाब जास्त. पुंगळी बदलली की छापील मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढायचं. इथं आळस नको.

जागा मोजायची असेल तर पाण्यानं मोजा. झाडलेली पुंगळी घ्या, बुडातला जुना प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आतच राहू द्या. कोरडी तोला. मग ड्रॉपरनं काठापर्यंत पाणी. पाण्याला पोट येतं, ते टिश्यूच्या टोकानं टिपून सपाट करा आणि परत तोला. आतल्या भिंतीला बुडबुडा चिकटून बसतो, तो पुंगळीवर नखानं टिचकी मारली की वर येतो. दहा पुंगळ्यांना अर्धा तास लागतो. मी हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर करते आणि लेकीची बोलणी खाते.

पण मला विचाराल तर पहिलं माप मानेचं, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाचं. पुंगळी मुळात पितळेच्या चकतीची वाटी करून, ती ओढत-ओढत लांबवून बनते. पंच जरा एका अंगाला गेला की एक भिंत जाड, समोरची बारीक. बुडापासून मानेपर्यंत तो तिरपेपणा चालत येतो. बॉल मायक्रोमीटरनं मानेच्या भिंतीवर चार ठिकाणी माप घ्या. आमच्या कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणायचे. चारही मापं एका थाऊच्या आत आली तर माल उत्तम, दीडपर्यंत चालतं. एकदा एका पुंगळीला या बाजूला तेरा थाऊ आणि त्या बाजूला सव्वापंधरा लागले. जावईबापूंना म्हटलं, ही कुंडीत रोवा. असली पुंगळी झाडल्यावर बारीक बाजूनं जास्त ताणते आणि केळ्यासारखी वाकते. ते डोळ्यांना दिसत नाही, डायलवर फिरवली की काटा नाचतो.

हे माप घेतलं की नावाचा प्रश्न थोडा सुटतो. लापुआ हे फिनलंडमधलं गाव, १९२३ पासून तिथं काडतुसं बनतात. मानेचा सारखेपणा ही त्यांची ख्याती आहे, आणि माझ्या मायक्रोमीटरनं ती अजून खोटी पाडलेली नाही. पण आता अमेरिकेतले पीटरसन आणि अल्फाही त्याच तोलाचा माल विकतात, तेव्हा ‘फिनलंडचं तेच खरं’ असं मी म्हणणार नाही. स्वस्त डब्यातही पुष्कळ चांगल्या पुंगळ्या असतात, फक्त त्या वेचून काढाव्या लागतात. महागाच्या डब्यात तुम्ही ती निवडणावळ भरलेली असते. तांदूळ निवडलेला आणावा की घरी निवडावा, तेच. माझ्यापाशी वेळ भरपूर आहे. तुमच्यापाशी किती आहे ते तुम्ही बघा.

एक गोष्ट मात्र डब्यावर नीट वाचा. लापुआच्या ६.५ क्रीडमूर पुंगळीला प्रायमरचा खळगा लहान असतो आणि त्यातून दारूपर्यंत जाळ नेणारं भोक दीड मिलिमीटरचं, हॉर्नडीला खळगा मोठा आणि भोक दोन मिलिमीटरचं. जावईबापूंनी नवा डबा आणला आणि जुना प्रायमर ढकलून काढायच्या नेहमीच्याच पिनेनं पहिली पुंगळी दाबली. पिन अडकली. त्यांनी हँडल आणखी जोरात ओढलं. पुढचा रविवार डायमधून (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यातून) मोडकी पिन काढण्यात गेला. बारीक पिन आधी मागवा, प्रायमरही लहान आणा.

आता वसुली. नव्या पुंगळीच्या भावाला ती जितक्यांदा भरली जाते त्यानं भागा. समजा स्वस्त पुंगळी पाच वेळा टिकली आणि दुप्पट भावाची बारा वेळा, तर महागडीच स्वस्त पडली. आधी दगा देतो तो बहुधा प्रायमरचा खळगा. बुडाचं पितळ नरम असेल किंवा दाब जास्त असेल तर खळगा सैल होतो आणि प्रायमर अंगठ्यानं ढकलला तरी आत जातो. ती पुंगळी त्याच दिवशी भंगारात. मानेला चीर गेली तर वेळेवर अ‍ॅनीलिंग, म्हणजे तापवून नरम करणं, झालं नाही असं समजा. पुण्याच्या तांबट आळीत बघितलं असेल, ठोकून-ठोकून तांबं कडक झालं की तांबट ते भट्टीत घालून नरम करून घेतो. पितळाचंही तसंच. फक्त मान आणि खांदाच तापवायचा. बुडाला आच लागली तर ती पुंगळी रायफलीत घालायच्या लायकीची राहत नाही.

तिसरी खूण आतली. केसांच्या आकड्याचं टोक काटकोनात वाकवा आणि पुंगळीच्या आत बुडाच्या जरा वरून भिंतीला लावून ओढत आणा. टोक कुठे खाचेत अडखळलं, तर तिथं भिंत झिजून बारीक झाली आहे. पुढच्या बाराला ती तिथून दोन तुकडे होऊ शकते. हे मला जावईबापूंनी शिकवलं, आकडा माझा.

निशाण्यावर फरक का दिसेना, तेही सांगते. ६०० यार्डांवर गोळीच्या वेगात सेकंदाला ३० फुटांचा फरक पडला तर उंचीत सुमारे दोन-अडीच इंच जातात. तुमच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ सहा इंचांचं, त्याच्या आतलं एक्सचं तीन इंचांचं. पाच गोळ्यांत एवढासा फरक वाऱ्यात आणि तुमच्या श्वासातच हरवतो. पाच नगांवर लॉट पास केला असता तर आमच्या साहेबांनी मला दारातूनच घरी धाडलं असतं. निदान तीस-तीस झाडा आणि क्रोनोग्राफवर (गोळीच्या वेगमापकावर) प्रत्येक बाराचा वेग लिहून ठेवा.

अमोनिया मात्र बिलकुल नको. इंग्रज फौजेनं हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली. पाऊस सरल्यावर काढली तर पुंगळ्या तडकलेल्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि ओढून बनवलेल्या पितळात राहिलेला ताण, या दोहोंनी मिळून चिरा पाडल्या. याचा उलगडा १९२१ साली झाला. घरात चिंच-लिंबानं पितळी तांब्या लखलखतो, पण आंबटात फार वेळ ठेवलं तर जस्त निघून जातं आणि तांबूस झाक येते. तेवढं लांबवू नका. मानेवरची निळसर-तपकिरी छटा घासून घालवायचीही गरज नाही, ती कारखान्यातल्या अ‍ॅनीलिंगची असते.

तर काय घ्यावं? एकाच लॉटचे दोन डबे एकदम घ्या आणि दुसरं काही त्यात मिसळू नका. महागाचे परवडत असतील तर तेच घ्या.

प्रश्न : स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पदक मिळवल्यापासून माझा पुतण्या .२२ रायफलीच्या मागे लागला आहे. त्याला अशा पुंगळ्या घरी भरता येतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. .२२ च्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो. पिन काठ चेचते, पुंगळी एकदा वापरली की संपली. शिवाय भारतात काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो, तेव्हा घरी कुठलाच प्रयोग नको. सारखेपणाचा खेळ मात्र तिथंही आहेच. ५० मीटरवाले नेमबाज बर्मिंगहॅमच्या इलेची किंवा लापुआची काडतुसं लॉटनिहाय आपल्याच बॅरलमधून झाडून बघतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात. पुतण्याला सांगा, डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहायची सवय आजपासूनच लाव.