युरोपात चेक खेळाडू हाना होराकोव्हासारखं बास्केटबॉल खेळणं हे मुलीसाठी खरंच करिअर असतं का? पस्तिशीत तर सगळं संपतं.

तुम्ही विचारलेला हाच प्रश्न मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या काकांनी घरात सगळ्यांसमोर विचारला होता. मी जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी खेळाडू होते. मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात माझे बूट धाकट्या बहिणीच्या पायात होते.

उत्तर मिळालं 3 ऑक्टोबर 2010 ला, कार्लोव्ही वारी या चेक शहरात. लग्नानंतर आम्ही प्रागला राहत होतो. महिलांची जागतिक स्पर्धा चेक देशातच होती आणि यजमान चक्क अंतिम फेरीत पोचल्या होत्या. उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी गतविजेत्या ऑस्ट्रेलियाला नमवलं, मग बेलारूसला जादा वेळेत हरवलं. नवऱ्याने कुठून तरी दोन तिकिटं मिळवली आणि आम्ही बसने निघालो.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. मांडीवर तिथल्या गोल वेफर्सचा डबा, त्यातला एक अर्धा मोडून त्यांनी माझ्या हातात ठेवला. माझं चेक तेव्हा मोडकंतोडकंच. तरी एवढं कळलं की 1971 ला याच स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाच्या बायकांनी रौप्य मिळवलं होतं ते त्यांना काल घडल्यासारखं आठवत होतं. एकोणचाळीस वर्षं! त्या संघातल्या बायका कोणत्या वयात थांबल्या, हे त्यांच्या बोलण्यात एकदाही आलं नाही.

सामना अमेरिकेने 89-69 असा जिंकला. वीस गुणांनी हरलेल्या संघासाठी अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून होराकोव्हाचं नाव पुकारलं गेलं. आजी रडत होत्या, मीही. होराकोव्हाने तिशी ओलांडलेली होती, म्हणजे काकांच्या हिशेबाने तिचं सगळं संपत आलं होतं. पण तोवर ब्र्नो शहराच्या क्लबबरोबर 2006 ची युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, आणि देशासाठी 2005 चं युरोपीय सुवर्ण, तेही अंतिम सामन्यात रशियाला हरवून, हे तिच्या नावावर होतं. 2012 ला ती लंडनला ऑलिम्पिकही खेळली. याला करिअर म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

रात्री काकांना फोन केला. "हरल्या ना?" म्हणाले. मी म्हटलं, "हो. आणि अख्खं गाव उभं होतं." ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझे बूट मी द्यायला लावले नव्हते." मी तो विषय अजून सोडलेला नाही.

आता पैशांचं. युरोलीग खेळणाऱ्या क्लबात पगार चांगला असतो, बाहेरून आलेल्या खेळाडूंना बहुतेक वेळा राहायची सोयही मिळते. हिवाळ्यात क्लब, उन्हाळ्यात देश किंवा अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग डब्ल्यूएनबीए, असं वर्षभर खेळता येतं. चेक खेळाडू कामिला वोदिचकोव्हाने 2004 ला सिअ‍ॅटलच्या संघाबरोबर ती लीग जिंकली. खालच्या क्लबांमध्ये मात्र बऱ्याच मुली शिक्षण किंवा नोकरी सांभाळूनच खेळतात. आणि एक गुडघा गेला की वर्ष जातं, हेही खरं. भारतातून थेट तिथवर पोचायची वाट फार अरुंद आहे, हे आधी लिहायला हवं होतं.

तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे आणि बारावीसाठी सराव बंद करायचा विचार आहे, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. बंद करू नका. हवं तर तासभर कमी करा. आणि निर्णय घेताना तिला समोर बसवा. आमच्याकडे तो सगळे जेवत असताना झाला, मी वाढत होते.