रुतलेला रणगाडा हायड्राने का उचलत नाहीत?

प्रश्न असा आहे: "लढाईत रणगाडा बंद पडला किंवा चिखलात रुतला तर बाहेर कसा काढतात? आमच्या डिचोलीत टिपर कलंडला की दोन हायड्रा क्रेन येतात आणि उचलतात. तसंच असतं का?"

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, रिकव्हरी मेकॅनिक होतो, आता वाळपईला घरी असतो. तर, तसं नसतं. रणगाडा उचलत नाहीत, ओढतात.

टी-७२ चाळीस टनांच्या वर जातो, टी-९० साडेशेहेचाळीस टनांचा, अर्जुन मार्क-१ए तर ६८ टनांचा. तुमची हायड्रा बारा-पंधरा टनांची, तेही बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखडलेला असताना. बूम लांब केला की ती ताकद झरझर उतरते. शिवाय जिथे रणगाडा रुतला तिथे हायड्राची रबरी चाकं उभी तरी राहणार का?

म्हणून एआरव्ही, म्हणजे आर्मर्ड रिकव्हरी व्हेइकल. रणगाड्याचाच सांगाडा, तसेच पट्टे, तोफ आणि टरेट (तोफेचा फिरता बुरूज) काढून त्या जागी विंच (रोप गुंडाळून ओढणारं यंत्र), क्रेन आणि पुढे डोझरसारखं पातं. आपल्याकडे टी-७२ च्या सांगाड्यावरची पोलंडची डब्ल्यूझेडटी-३ आहे, पुढे ती बीईएमएल या सरकारी कंपनीनेही इथे जोडली. तुम्ही अशी गाडी टीव्हीवर पाहिलीही असेल. ९ एप्रिल २००३ ला बगदादच्या फिरदोस चौकात सद्दामचा पुतळा खाली ओढला, तो अमेरिकनांच्या एम-८८ ने. ती एआरव्हीच.

बघणाऱ्यांचं लक्ष क्रेनकडे जातं. क्रेन असते ती इंजिन, गिअरबॉक्स बाहेर काढायला. रुतलेल्या गाड्याचं काम विंचचं, आणि त्याआधी हिशेबाचं. चाकांपर्यंत रुतला तर गाड्याच्या वजनाइतका जोर लागतो. मडगार्डपर्यंत गेला तर दुप्पट, टरेटपर्यंत गेला तर तिप्पट. म्हणजे ४१ टनांचा टी-७२ मडगार्डपर्यंत बुडाला की ८२ टन. विंच साधारण तीस टन ओढते. मग करायचं काय? पहिली गोष्ट, आतलं इंजिन चालू असेल तर ड्रायव्हरला पट्टे फिरवायला सांगायचे. त्याने भार चाळीस टक्क्यांनी उतरतो, ८२ चे ४९ होतात. आला त्याच वाटेने मागे ओढला तर आणखी थोडं हलकं. मग रणगाड्याला स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, लावायचा, वायर रोप त्यातून फिरवून टोक परत एआरव्हीला अडकवायचं. दोन पदर झाले, तीसचे जवळजवळ साठ. घर्षणात थोडं जातं, तरी काम होतं.

आता खरी गोम. ते साठ टन एआरव्हीलाही आपल्याकडे ओढत असतात, आणि ती स्वतः चाळीसेक टनांची. नुसती उभी केली तर गाडा जागचा हलत नाही, एआरव्हीच घसरत त्याच्याकडे निघते. म्हणून पुढचं पातं जमिनीत रोवायचं. विंच किती टनांची हे सगळे विचारतात. पात्याखालची जमीन कसली आहे हे कोणी विचारत नाही. आमचे उस्ताद रोप सोडण्याआधी जमिनीवर टाच आपटून बघायचे, आणि मनाला नाही आलं तर सगळी गाडी पन्नास पावलं मागे न्यायला लावायचे. तेव्हा आम्हाला राग यायचा.

रोप ताणलेला असताना जवळ उभं राहायचं नाही. जेवढा रोप बाहेर आहे तेवढं तरी लांब. तुटलेला वायर रोप सापासारखा उलटतो, आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

बाहेर काढल्यावर वर्कशॉपपर्यंत ओढत न्यायचा असतो. ब्रेक गेलेले असतील तर नुसत्या रोपवर नेत नाहीत, उतारावर तो मागून येऊन आदळेल. तिथे टो बार, म्हणजे दोन गाड्या जोडणारा लोखंडी दांडा, हवा, उतार जास्त असेल तर मागे धरून ठेवायला आणखी एक गाडी.

एवढ्या कामाला चिलखत कशाला, असं वाटेल. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला उसाच्या शेतांत पाणी सोडलेलं होतं. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे त्यात रुतले, मैदान आपल्या हातात राहिलं, मग त्यांची रिकव्हरी तिथे पोचणार कशी? ते पॅटन भिखीविंडला ओळीने उभे केले, त्या जागेचं नावच पॅटन नगर पडलं. वेळेत ओढून नेता आला असता तर त्यातला एखादा दोन दिवसांत परत लढायला आला असता. गोळ्या चालू असताना हे काम करावं लागतं, म्हणून चिलखत.

तुमच्या हायड्राबद्दलही सांगतो. मागच्या पावसाळ्यानंतर एका खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या, बांधावरून मातीचा टिपर खाली गेला. खाजनाची माती वरून सुकलेली दिसते, खाली लोणी. मालकाने दोन हायड्रा आणल्या. एकीने टिपरचा मागचा भाग वीतभर उचलला आणि तिचीच पुढची चाकं आत गेली. मग मला फोन. मी गेलो तेव्हा भरती होती, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) बाजूने पाणी चढत होतं. म्हटलं, ओहोटीपर्यंत कोणी काही करू नका. तोवर बांधापलीकडच्या घट्ट जमिनीत आडवा चर खणला, त्यात पडलेल्या माडाचं खोड पुरलं आणि त्याला चेन घातली. पातं नाही तर खोड. टिपरच्या चाकांमागची माती फावड्याने मोकळी करून घेतली, कारण गाडीचं पोट चिखलाला चिकटलं की ते सुटेपर्यंत कितीही ओढा, रोपच तुटायचा. ब्लॉक लावून हातविंचने ओढलं. तीन तास लागले, पण टिपर वर आला.

हायड्रा दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला काढली.